बापाची ऐनाची झाडं

त्या वर्षी गीताबाईंना सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर 'हो बाई' या दोन शब्दांचा. वाडीवर कुणाच्याही दारात जाऊन उभं राहावं, काहीही सांगावं, समोरून 'हो बाई' यायचं. आणि मग पुढे काहीही व्हायचं नाही.

सापगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका ट्रस्टची शाळा होती. पाचवी ते दहावी, इंग्रजी माध्यम, फी नाही. भिवंडीकडच्या एका म्हाताऱ्या शेठजींनी ती हौसेने काढलेली. डोंगरातल्या पोरांनी इस्त्रीचे कपडे घालावेत आणि इंग्रजीत बोलावं, एवढीच त्यांची इच्छा. पोरं कपडे घालायची, इंग्रजी पाठ म्हणायची आणि दहावीला आपटायची. वडाच्या झाडाखाली बसून झाडाचे भाग इंग्रजीत घडाघडा सांगणारा मुलगा, त्यातलं मूळ कुठलं आणि खोड कुठलं असं विचारलं की बाईंच्या तोंडाकडे बघत राहायचा.

शेठजी गेले आणि कारभार त्यांच्या नातवाकडे, हर्षितकडे आला. दोन हजार तीनच्या हिवाळ्यात हा हर्षित धंद्याच्या कामाने आयर्लंडला जाऊन आला. तिथे त्याने म्हणे एक मोठ्या मुलांची शाळा पाहिली. आधी ती इंग्रजीत चालायची, मग गावानेच ती आपल्या आज्यांच्या भाषेत वळवून घेतली. गणित त्याच भाषेत, विज्ञान त्याच भाषेत, मैदानावरची भांडणंसुद्धा त्याच भाषेत. परत आल्यावर प्रवासाचा शीण उतरायच्या आत त्याने शिक्षकांना बोलावलं आणि सांगितलं, की येत्या जूनपासून पाचवी ते सातवी पोरांच्या घरच्या बोलीत शिकवायची. इंग्रजी हा एक विषय राहील. आवारात पाऊल टाकलं की सगळ्यांनी बोलीतच बोलायचं. पोरांना भाषेत पार बुडवून काढायचं.

"पोरांना बुडवा, सर, पण शाळा नका बुडवू," कल्याणहून येणारे गणिताचे जगदीशसर हळूच म्हणाले. बाकीचे हसले.

गीताबाई हसल्या नाहीत. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि शाळेमागच्या डोंगरावर जी वाडी दिसते, तिथेच जन्मलेल्या. वाडीतली शिकलेली पहिली मुलगी. लहानपणी त्यांना शहापूरला वसतिगृहात ठेवलं, तेव्हा तिथल्या बाईंची मराठी त्यांना कळायची नाही. वर्षभर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. मुलगी मुकी असावी असं बाईंना वाटायचं. एकदा लघवीला जायची परवानगी कशी मागायची तेच त्यांना सुचलं नाही, तशाच बाकावर बसून राहिल्या, आणि मग सगळा वर्ग नाक दाबून हसला. पुढे त्या पुस्तकी मराठी शिकल्या, इतकी छान शिकल्या की मुरबाडच्या एका मास्तरांशी लग्न झाल्यावर सासरी कुणाला त्यांचं माहेर बोलण्यावरून ओळखता आलं नाही. शहापुरात संसार झाला, मुलं कल्याणला नोकरीला लागली. पण तो बाक गीताबाई विसरल्या नव्हत्या. हर्षितचं बोलणं ऐकल्यावर त्यांना वाटलं, आता निदान आपल्या वर्गात तरी कुणी तसं बसून राहणार नाही.

एवढं वाटलं आणि तिथून त्यांच्या वैतागाला सुरुवात झाली.

पुस्तकं नव्हती, ती असणारही नव्हती. तालुक्याच्या कार्यालयात माध्यम कोणतं लिहायचं यावरून त्या कारकुनाशी सकाळभर भांडल्या. या बोलीला आमच्याकडे रकानाच नाही, असं तो गृहस्थ पान चघळत सांगत राहिला. मराठी लिहा की बाई, काय फरक पडतो, असंही म्हणाला. शिक्षकांना बोली शिकवायचा तास गीताबाई रोज शाळा सुटल्यावर घ्यायच्या, त्यात निम्मे जण घड्याळाकडे बघत बसायचे. जगदीशसर तेवढे मनापासून शिकले, पण भागाकार बोलीत समजावताना ते असे काही हेल काढायचे की पोरं बाकाखाली तोंड घालायची.

हे सगळं त्यांनी सोसलं असतं. खरा घोळ पोरांचा होता. गीताबाई वर्गात शिरून घरच्या बोलीत विचारायच्या की ओढ्याचं पाणी उन्हाळ्यात कुठे जातं. पोरं उभी राहून शुद्ध मराठीत सांगायची, "पाण्याची वाफ होते, मॅडम." मैदानावर हीच पोरं बोलीत कलकलाट करत असायची. गीताबाई जवळ गेल्या की रेडिओचं बटण कुणी बंद करावं तशी गप्प. त्यांनी रागावून पाहिलं, लाडाने सांगून पाहिलं. पोरं मान डोलवायची. "हो मॅडम."

हे असं का होतं ते त्यांना न कळायला त्या परक्या थोड्याच होत्या. वाडीची रीतच तशी. दारात पायताण घातलेलं माणूस आलं की त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायचं. त्याच्यासमोर आपली बोली काढणं म्हणजे त्याला न मोजणं. आणि त्याच्या तोंडावर 'नाही' म्हणणं तर त्याहून वाईट. पाहुण्याला हो म्हणावं, चहा पाजावा, तो गेला की आपल्याला हवं ते करावं. गीताबाई स्वतः हेच शिकून मोठ्या झालेल्या. फक्त आता पायताण त्यांच्या पायात होतं.

पालकसभेत त्यांनी वाडीला सगळं समजावून सांगितलं होतं. सगळे हो म्हणाले. त्यानंतर दिवाळीपर्यंत बरीच पोरं एकेक करून मामाच्या गावी राहायला गेली, म्हणजे जिथे इंग्रजी शाळा आहे अशा मामाच्या गावी. गीताबाई घरोघर फिरल्या. चुलतभाऊ नवसूच्या घरी गेल्या, तर त्याची बायको ठमी लगबगीने प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली, पदराने पुसून ठेवली, कपबशीत चहा दिला.

"बसा बाई. कशा आहात? साहेब बरे आहेत ना?"

ही सख्ख्या चुलतभावाची बायको. हिच्या लग्नात गीताबाईंनी हिला हळद लावली होती. तिची मुलगी काजल सहावीत गीताबाईंच्याच हाताखाली होती. गीताबाईंनी बोलीत विचारलं की काजल वर्गात का बोलत नाही. ठमीने मराठीत उत्तर दिलं, की लाजरी आहे, बाई, तुम्ही सांगता तसं करू. चहा गोड होता. गीताबाईंना वाटलं, हिने तो आपल्या अंगावर ओतला असता तर बरं झालं असतं. निदान काहीतरी खरं घडलं असतं.

जानेवारीत हर्षितचा निरोप आला. होळीच्या आधी तो दोन वडीलधाऱ्या ट्रस्टींना घेऊन येणार होता. पोरं बोलीत शिकताना दिसली तर शाळा अशीच पुढे चालेल, नाहीतर जूनपासून पुन्हा इंग्रजी. ट्रस्टी आधीच कुरकुरत होते आणि त्यांचं चूक आहे असंही गीताबाईंना म्हणता येईना. वर्षभराची शाळा पोरांच्या 'हो मॅडम'मध्ये जात होती.

मग त्यांनी ठरवलं, पोरांना पुस्तकातून बाहेर काढायचं. ते राबाचे दिवस होते. भाताची रोपं करायची जागा उन्हाळ्यात भाजून घेतात, तो राब. त्यासाठी झाडांच्या फांद्या उतरवून वाळवायच्या, शेणावर रचायच्या, वर पाला आणि माती टाकून पेटवायचं. त्या फांद्यांना कवळ म्हणतात. या कामाचा एकही शब्द पुस्तकी मराठीत कुणाला येत नाही, म्हणजे पोरांना बोलीत बोलावंच लागेल, असा त्यांचा हिशेब. शाळेच्या मागच्या अंगाला एक वाफा त्यांनी आखून घेतला. कवळ कुठून आणायची हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. डोंगराच्या उतारावर त्यांच्या बापाची ऐनाची झाडं होती. लहानपणी बाप वर चढून फांद्या तोडायचा आणि त्या खाली उभं राहून मोळी बांधायच्या. एका सकाळी सहावी-सातवीची पोरं घेऊन त्या उतारावर गेल्या. झाडं त्यांनी लगेच ओळखली. डोळे भरून आले. आपल्याच बापाच्या झाडांना हात लावायला कुणाला विचारायचं?

सातवीतला देवजी सरसर वर चढला. फांद्या पडू लागल्या. काजल बाजूला उभी होती. गीताबाईंनी तिला बोलीत विचारलं, चांगली कवळ आहे ना गो? काजल झाडाकडे बघत होती, मग तिने बाईंकडे बघितलं.

"हो मॅडम," ती म्हणाली.

कवळ शाळेच्या मैदानावर वाळत पडली. गीताबाई रोज तिच्याजवळून जाताना मनाशी खूश व्हायच्या.

ट्रस्टी आले तो दिवस शनिवार होता. मैदानात खुर्च्या मांडल्या. हर्षित, दोन वडीलधारे ट्रस्टी, समोर पोरं ओळीने आणि पोरांमागे कवळीचा ढीग. गीताबाईंनी राबाचा धडा सुरू केला. खाली काय घालायचं, बोलीत विचारलं. देवजी उभा राहिला. "सर्वात खाली शेणाचा थर देतात, मॅडम." एक ट्रस्टी दुसऱ्याकडे झुकून काहीतरी बोलला. गीताबाईंनी पुन्हा विचारलं, वाऱ्याच्या कुठल्या बाजूने पेटवायचं. रांगेतून कुणीतरी चक्क इंग्रजीत उत्तर दिलं. हर्षित कपाळ चोळू लागला. आता उभ्या उभ्या एकेकाच्या कानाखाली वाजवावी असं गीताबाईंना वाटलं आणि तेवढ्यात फाटकातून ठमी आत आली.

अनवाणी, कमरेला कोयता, कपाळावर घाम. ती त्याच सकाळी डोंगराच्या उतारावर कवळ तोडायला गेली होती आणि झाडं बोडकी आणि खाली शाळेच्या मैदानात कवळ पाहून तशीच खाली उतरली होती. ती पाहुण्यांकडे न बघता सरळ ढिगाजवळ गेली, एक फांदी उचलली आणि गीताबाईंसमोर उभी राहिली.

"गीते," ती म्हणाली, "झाडा कोनी तोडली?"

गीते. या नावाने त्यांना आई गेल्यापासून कुणी हाक मारली नव्हती. पण त्या क्षणी गीताबाईंना ते जाणवलं नाही, त्यांना फक्त खुर्च्यांवरचे पाहुणे दिसत होते. वहिनी, पाहुणे आलेत, नंतर बोलू, असं त्यांनी मराठीत हळू आवाजात सांगितलं.

"पावने तुझे. झाडा माझी."

"झाडा माझे बापाची हायेत," गीताबाई म्हणाल्या. आणि हे त्यांनी वर्गात बोलायच्या तशा मोजून मापून म्हटलं नाही, ते आपोआप आलं, पोटातून.

मग ठमीने काही बाकी ठेवलं नाही. बाप गेला तेव्हा गीताबाई एसटीतून आल्या आणि बाराव्याला परत एसटीत बसल्या. झाडं नवसूने राखली. वणवा आला तेव्हा पाला झोडून विझवायला नवसू आणि ती उभी होती, तेव्हा ही बापाची लेक कुठे होती. दुसऱ्या घरी गेलेल्या लेकीची माहेरच्या झाडावर फांदी नसते, हे वाडीतलं शेंबडं पोर सांगेल. इतकं शिकून हिला एवढंही कळू नये. आणि वर त्या पोरांकडूनच तोडून घेतली.

"माज्या काजलचे समोर तिचीच झाडा तोडलीस," ती म्हणाली, "नं ती बोलली नाय. तुज्या शालंत हेच शिकली. हो मॅडम, हो मॅडम."

वर्षभर साठलेलं गीताबाईंच्या डोक्यात गेलं.

"मी शिकवला? तुमी शिकवला. वरीस झाला इचारते, शाला अशी करू का, अशी करू का. एक जन बोलला नाय. चाय पाजता नं हो बोलता, नं पोरा मामाकडं धाडता. मी काय तालुक्याची साहेब हाय गो? मला खुर्ची कशाला देतेस?"

"बरा, मंग आता सांगते. नाय." ठमीने फांदी ढिगावर फेकली. "आमची बोली घरात हाय, तिला शालंत कशाला आनतेस? काजलला नरस व्हायचा हाय. इंग्लिश नाय शिकली तर कोन घेल तिला?"

"इंग्लिश मी काढली नाय. पन काकी, तुजी सासू, दवाखान्यात होती, तिला कुठं दुखतं ते सांगता आला का? तिथं एक तरी नरस होती का तिचा ऐकनारी?" गीताबाईंचा आवाज फाटला. "काजल नरस होल. नं तवर ही बोली तिचे तोंडातून गेली तर ती पन तशीच उभी राहील. मी बाकावर मुतले होते, ठमे. सांगता येत नव्हता म्हनून. मला अजून झोपंत दिसतं."

ठमी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "सगले वाडीला म्हाईत हाय. तुजे बापानंच सांगला होता."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. गीताबाईंनी वळून पाहिलं. देवजीने हाताने तोंड दाबलं होतं, पण आता उशीर झाला होता. रांग मोडली. कुणी म्हणालं कवळ परत द्यावी लागेल, कुणी म्हणालं ती आणखी वाळली तर उचलताच येणार नाही, पाला गळेल. देवजी सांगू लागला की त्याने चढताना काजलकडे बघितलं होतं, तिनेच मान हलवली. काजल त्याच्यावर उखडली. सगळं बोलीत, एकमेकांचं तोडत, बाईंच्या देखत, जशी बाई तिथे नव्हतीच. किंवा होती, पण आता ती वाडीची होती.

काजल बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"आत्या, मी सांगनार होते," ती म्हणाली. "पन तू मॅडम होतीस."

खुर्चीवरून हर्षितने जगदीशसरांना विचारलं की नेमकं काय चाललं आहे. जगदीशसरांना सगळं समजलं होतं, बाकाचंही. त्यांनी घसा साफ केला. "सर, झाडांच्या मालकीवर चर्चा चालू आहे," ते म्हणाले. "बोलीतच."

ठमीला पाहुणे आत्ता दिसले. तिने झटकन पदर सावरला, हात जोडले आणि बाजारच्या स्वच्छ मराठीत सांगितलं, की नमस्कार साहेब, काही नाही, आमच्या घरातलं होतं. गीताबाई पोरांकडे वळल्या. आता पोरंही गप्प होतील आणि पुन्हा ते 'हो मॅडम' सुरू होईल. पण पोरांना ठमीचं नमस्कार करणं भलतंच गमतीचं वाटलं. त्यांची बडबड चालूच राहिली, आता विषय असा होता की कवळ वाहून कोण नेणार.

ट्रस्टी बराच वेळ आपापसात बोलले. मोठ्या ट्रस्टींना शिस्तीची फार काळजी वाटली, तसं त्यांनी सांगितलंही. आपल्या काळात बाईंना कुणी एकेरी हाक मारली असती तर काय झालं असतं, हेही ऐकवलं. हर्षित मात्र पोरांकडे बघत होता. आयर्लंडच्या त्या शाळेत मैदानावर असाच आवाज होता, एवढंच तो म्हणाला. शेवटी आणखी एक वर्ष मिळालं. गीताबाईंनी तिथेच एक अट घातली, की इंग्रजीचा तास रोज आणि पूर्ण व्हायला हवा, आणि इंग्रजीचा अर्थ बोलीत सांगितला जावा. ठमी फाटकाशी रेंगाळत होती, तिला ऐकू जावं म्हणून हे त्यांनी मुद्दाम मोठ्याने सांगितलं. ठमीने ऐकलं नाही असं दाखवलं.

सोमवारी शाळा डोंगरावर गेली. अर्धवट वाळलेल्या कवळीच्या मोळ्या पोरांच्या डोक्यावर, एक गीताबाईंच्याही. त्यांनी चपला शाळेतच काढून ठेवल्या होत्या आणि त्याचा त्यांना पावलोपावली पश्चात्ताप होत होता. नवसूच्या वाफ्यावर नवसू बिडी ओढत बसला होता. त्याने बहिणीकडे बघितलं, मोळी उतरवायला हात दिला आणि पुन्हा बिडी ओढू लागला. तो कधीच काही बोलत नसे, कुठल्याच भाषेत.

ठमीने प्लास्टिकची खुर्ची आणली नाही. चहाही आणला नाही. गीताबाई फांद्या पसरू लागल्या तशी ती कमरेवर हात ठेवून शेजारी उभी राहिली.

"अशी पसरतेस? सगली एके ठिकानी?"

"माझा बाप अशीच पसरायचा."

"तुझा बाप काय पसरायचा ते मी बघलाय. तिकडं सर. काजल, दाखव तुजे आत्याला."

काजल दाखवू लागली. देवजी म्हणाला तीही चुकीचंच दाखवते आहे. तिसरं कुणीतरी मध्ये पडलं. जगदीशसर बांधावर उभे राहून एकेका शब्दाचा अर्थ विचारत होते आणि त्यांना कुणी सांगत नव्हतं. ठमीचं तोंड चालूच होतं. फांद्या दाट झाल्या, तिथे विरळ झाल्या, फांदीची मुंडी तिकडे कशाला, शहापूरला राहून हातातलं गेलं सगळं, मास्तरांनी काय बघून केली होती हिला.

दुपारपर्यंत गीताबाईंचं डोकं भणभणलं. एक शब्द सरळ बोलेल तर ठमी कसली. त्यांनी हातातली फांदी खाली टाकली, कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि लहानपणी ओढ्यावर पाण्यासाठी भांडायच्या तशा बोलीत तिच्या तोंडाला लागल्या.